डॅमसेल बसते, लॅस चालते

‘वेंच कलेक्शन’ असा बोर्ड वर्ध्याच्या भर बाजारात लागणार होता, तो मी थांबवला. जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवून समाजाचं काय भलं केलंत, असं कोणी विचारलं की मी आधी हेच सांगते.

झालं असं की, बायकांच्या ड्रेसचं नवं दुकान काढणारे एक शेठ पेढ्यांचा डबा घेऊन माझ्याकडे आले. उद्घाटनाचं आमंत्रण होतं. नाव म्हणे पुतण्यानं नेटवरून शोधून काढलेलं. “जुन्या इंग्रजीतला शब्द आहे मॅडम. यंग लेडीसाठी. एकदम रॉयल!” मी पेढा तोंडात टाकला होता, तो तसाच राहिला. आता या भल्या माणसाला सांगायचं कसं? शब्द जुना होता, तरुण मुलीसाठीच होता, सगळं खरं. पण वेंच म्हणजे कोण? आधी नुसतीच पोरगी. मग नोकर पोरगी. मग खाणावळीत दारूचे पेले पोचवणारी, आल्यागेल्यानं जिची थट्टा करावी अशी. आणि पुढं पुढं तर त्याहून वाईट. मी म्हटलं, “शेठ, या नावाच्या दुकानात सूनबाईंना गल्ल्यावर बसवाल का?” एवढ्यावरच त्यांना समजलं. पण व्यापारी माणूस, कळवळून म्हणाले, “अवो मॅडम, बोर्ड तं बनून गेला ना!”

शेवटी बोर्ड बदलला. तिथं आता शेठच्या आईचं नाव आहे आणि दुकान झकास चालतं. मला तिथं अजून सूट मिळते.

इंग्रजीची प्राध्यापिका म्हटलं की लोकांना वाटतं, ही बाई औषधाच्या बाटलीवरचं वाचून देईल, बँकेची नोटीस समजावेल आणि नातवाचं स्पेलिंग पक्कं करून देईल. मी तेही केलं. पण माझा खरा पोटापाण्याचा धंदा वेगळाच होता. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला जुन्या इंग्रजी कवितांचा एक पेपर असायचा, तो माझ्या गळ्यात. माझ्या आधीच्या सरांनी निवृत्त होताना तो मला असा सोपवला, जशी सासू सुनेला न शिजणारी डाळ सोपवते.

त्या कवितांत जिकडंतिकडं तरुण मुली. पण मुलगी म्हणून एकही नाही. कोणी मेडन, कोणी डॅमसेल, कोणी लॅस, कोणी वेंच, कोणी निम्फ. आमची पोरं यायची आंजी, अल्लीपूर, सेलू, देवळीकडून, पहिल्या एसटीनं. त्यांच्या हातात गाईड. आणि गाईडवाल्यानं सगळ्या शब्दांपुढं एकच अर्थ छापलेला: तरुण मुलगी. विषय संपला! पोरं तेवढं पाठ करायची आणि कवितेत काय चाललंय म्हणून विचारलं की म्हणायची, “मॅडम, एक तरुण मुलगी आहे.”

मग मी चिडायची. चिडणं हा माझा स्वभाव, लपवून काय उपयोग? “अरे, मराठीत कन्या आहे, कुमारी आहे, ललना आहे, पोरगी आहे आणि आपल्याकडं पोट्टी आहे. सगळ्यांचा अर्थ तरुण मुलगीच ना? मग बहिणीच्या लग्नपत्रिकेत ‘आमची ज्येष्ठ पोट्टी’ असं छापशील का?” वर्ग खो खो हसायचा. आणि हसला की अर्धं काम झालेलं असायचं. आमच्याकडं आई लेकीला लाडानं पोट्टी म्हणते, आणि पुण्याकडची माझी मावसबहीण ते ऐकून अजून दचकते. शब्द कोण म्हणतंय, कुठं म्हणतंय, यावर सगळा खेळ असतो. तो गाईडमध्ये कसा छापणार?

म्हणून मी एक पद्धत काढली. शब्द उभा करायचा. फळ्यावर शब्द लिहायचा, एका मुलीनं पुढं यायचं आणि त्या शब्दातली मुलगी जशी असेल तसं उभं राहायचं. वर्गानं तिच्याशी बोलायचं. मेडन असेल तर नजर खाली, हातात फुलंबिलं. कोणी कौतुक केलं तर लाजायचं. निम्फ असेल तर ती मुळात देवता, झऱ्यात नाहीतर रानात राहणारी. तिनं दिसायचं आणि पळून जायचं. एक पोरगी तर खरंच पळाली, ती थेट कॅन्टीनमध्ये सापडली. वेंच आली की हातात पाण्याचा जग, आणि थट्टा करणाऱ्याला तिनं तिखट उत्तर द्यायचं. डॅमसेल मात्र खुर्चीत बसायची. मोठ्या घरची लेक, बुरुजात कोंडलेली, सरदाराची वाट बघणारी. तिच्याविषयी सगळे बोलणार, तिच्यासाठी लढाया होणार, पण तिला स्वतःला कोणी काही विचारणार नाही. वर्गाला नियमच होता, डॅमसेलशी बोलायचं नाही.

आणि लॅस? ती इंग्लंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखातली साधी पोरगी. टोपलं घेऊन रस्त्यानं चाललेली. त्या गाण्यांची एक ठरलेली रीत असते. वाटेत कोणीतरी भेटतो आणि विचारतो, कुठं चाललीस गं? आणि ती सांगते. झालं. पण या सगळ्या पोरींमध्ये मला तीच आवडायची, कारण कुठं जायचंय हे तिला ठाऊक असायचं.

एक शब्द मी स्वतः उभी राहून शिकवायची. स्पिन्स्टर. मुळात सूत कातणारी बाई. आमच्या जिल्ह्यात चरख्यापुढं बसणाऱ्या बाईचा केवढा मान! तिकडं मात्र त्या शब्दाची रवानगी ‘लग्न न जमलेली बाई’ यात झाली. “नीट बघून घ्या,” मी म्हणायची, “अस्सल नमुना पुढ्यात आहे.” पहिल्यांदा पोरं बिचकायची, मग हसायची. मी लग्न केलं नाही, याचं गावाला माझ्यापेक्षा जास्त दुःख होतं.

आता या शिकवण्याचे परिणाम नेहमी चांगलेच झाले असं नाही. अल्लीपूरच्या एका पठ्ठ्याचं लग्न ठरलं. यानं होणाऱ्या बायकोला सकाळी सकाळी व्हॉट्सॲपवर पाठवलं, ‘गुड मॉर्निंग, माय डॅमसेल.’ फोन होता तिच्या भावाच्या हातात. भावानं शब्द मोबाईलमध्ये शोधला, तर निघालं की ही बाई बहुतेक वेळा संकटात असते. त्यानं लगेच फोन लावला: “जावईबापू, माह्या बहिणीवर कोणतं संकट येऊन राह्यलं, ते सांगा आधी!” पोरगा रडकुंडीला येऊन माझ्याकडे. मला त्याच्या होणाऱ्या मेव्हण्याशी फोनवर बोलावं लागलं. मी म्हटलं, “संकट नाही हो, कविता आहे.” तो म्हणाला, “मंग ठीक हाय. मले वाटलं हुंडा मांगते का काय!” ते लग्न झालं, मी जेवून आले.

आता शुभांगीची गोष्ट सांगते. खरं म्हणजे हा लेख तिच्यासाठीच लिहायला घेतला.

शुभांगी आंजीची. घरचा भाजीपाला. वडील नामदेवभाऊ रोज सकाळी वर्ध्याच्या गुजरीत, म्हणजे भाजीबाजारात, भाजी घेऊन बसायचे. पोरगी वर्गात शिरली की सांभाराचा वास आधी यायचा. कोथिंबिरीला आमच्याकडं सांभार म्हणतात. मागच्या बाकावर बसायची, तोंडातून शब्द नाही. एकदा मी तिला लॅस म्हणून उभी केली. ती आली, स्वतःची कापडी पिशवी कमरेवर घेतली आणि अशी झपझप निघाली की विचारणाऱ्या पोराला तिच्यामागं पळावं लागलं. “थांब ना वं,” तो म्हणाला. ती म्हणाली, “तू चाल ना संगं. बाजार थांबते काय?” वर्गानं टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून ती पुढच्या बाकावर आली.

त्या पेपरात एक जुनं गाणं होतं, लॅसचं. वाटसरू विचारतो, ती उत्तर देते, असंच सगळं. शुभांगीनं ते पाठ कसं केलं, तर पहाटे मेथीच्या जुड्या बांधताना. ती मला सांगायची, “मी बाबाले मराठीतून विचाराले लावतो मॅडम, अन् मी इंग्रजीतून उत्तर देतो.” मला ते फार आवडलं. एक बाप मेथी बांधता बांधता वाटसरू होतो आणि रोज विचारतो, कुठं चालली वं पोरी?

शेवटच्या वर्षाचे पेपर जवळ आले, तशी ती एक दिवस स्टाफरूमच्या दाराशी येऊन उभी राहिली. पाहुणे पाहायला येणार होते. हिंगणघाटकडचं स्थळ, मुलाचं कृषी केंद्र, घर चांगलं. पण त्यांना लग्न लगेच हवं होतं. परीक्षा काय, नंतरही देता येते.

हे ‘नंतर’ मी पुष्कळ ऐकलं आहे. हजेरी घेताना एखादं नाव पुकारावं आणि मागून कोणीतरी म्हणावं, “तिचं लग्न झालं मॅडम.” मी पुढचं नाव घ्यायची. त्यातली एकही पुन्हा परीक्षेला बसायला आली नाही. किती चुणचुणीत पोरी होत्या त्या!

“तुला काय करायचंय?” मी विचारलं.

“बी.एड. कराचं हाय. नागपूरले. मले शिकवाचं हाय मॅडम, तुमच्यासारखं.”

“मग बाबांना सांगितलंस?”

“त्याहीनं विचारलं नाई.”

“म्हणून तू सांगणार नाहीस?”

“विचारल्याबिगर कसं सांगू? बाबा लय खुश हायेत. घराले रंग देऊन राह्यले.”

मला असा राग आला! तिचा, नामदेवभाऊंचा आणि त्या रंगाचा. “मी बोलते त्यांच्याशी,” म्हटलं. तर तिनं माझा हातच धरला. “नका मॅडम. लोकं म्हणतीन, मॅडमनं पोट्टीले भरवलं.” आणि ते खरंच होतं. लग्न न केलेली बाई लग्न मोडायला आली, असंच झालं असतं. मी गप्प बसले, आणि गप्प बसणं मला बिलकुल जमत नाही.

दोन-तीन दिवसांत नामदेवभाऊच कॉलेजात आले. हातात वांग्यांची पिशवी. “मॅडम, रविवारी पाव्हणे येऊन राह्यले पोरीले पाहाले. ते इंग्रजी बोलाले लावतीन. आजकाल लावतातच. तुमी या न् बसा बाजूले. पोरगी चुकली तं सांभाळून घेजा.” ही रीत आमच्याकडं अलीकडं निघाली आहे. पूर्वी मुलीला चालून दाखवायला सांगायचे, आता इंग्रजी बोलून दाखवायला सांगतात.

रविवारी मी आंजीला गेले. घराला खरंच ताजा रंग होता, पिस्ता कलरचा. त्याचा वास आणि पोह्यांच्या फोडणीचा वास असा एकत्र दरवळत होता. पाहुण्यांत मुलगा, त्याचे आईवडील आणि मामा. बोलायचं काम सगळं मामांकडं. मुलगा बिचारा मान खाली घालून सतरंजीचे धागे बघत होता. त्याच्या शेताबद्दल विचारलं तरी मामा सांगणार, शिक्षणाबद्दल विचारलं तरी मामा. माझ्या मनात आलं, इथं डॅमसेल असेल तर हाच आहे.

मामांनी माझ्याकडं वळून विचारलं, “मॅडमचे मिस्टर काय करतात?”

“काही करत नाहीत,” मी म्हटलं. “कारण ते नाहीतच.”

मामांना ठसका लागला. शुभांगीच्या आईनं घाईघाईनं आणखी पोहे वाढले.

मग शुभांगी आली. साडी नेसलेली, डोक्यावर पदर. खुर्चीत बसली. नाव, शिक्षण, स्वयंपाक येतो का, सगळं झालं. शेवटी मामा म्हणाले, “इंग्रजी घेऊन बी.ए. करून राह्यली म्हणे. बोलून दाखव ना जरा.”

“काय बोलू?”

“काही पण. इंग्रजी पाह्यजे फक्त.”

शुभांगीनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, “मॅडमनं शिकवलेलं करून दाखवतो.” आणि बसल्या जागीच हात मांडीवर ठेवून, नजर खाली केली. “हे डॅमसेल. हे अशी बसते. हिच्यासाठी सगळे येतात, पण हिले कोनी काही विचारत नाई.” मामांनी मान डोलावली, वा वा म्हणाले. पुढं काय येणार, हे मला एकटीलाच माहीत होतं.

ती उठली. कोपऱ्यात भाजीचं रिकामं टोपलं होतं, ते उचलून कमरेवर घेतलं. पदर खोचला. “अन् हे लॅस.”

आणि तशीच उभी राहिली. बोलेना. कारण रीतच ती आहे, कोणी विचारल्याशिवाय लॅस बोलत नाही. मामा बघताहेत, तिची आई पदर चावतेय, मुलानं पहिल्यांदा मान वर केलेली. मी विचारू शकत होते. अगदी ओठांवर आलं होतं. पण ‘नका मॅडम’ म्हणून तिनं माझा हात धरला होता, तो आठवला.

नामदेवभाऊंना वाटलं, पोरगी अडकली. इतके दिवस पाठ केलेलं, आणि ऐन वेळी विसरली! आता बापानं हात द्यायचा नाही तर कोणी? ते पुढं सरकले आणि मेथीच्या जुड्या बांधताना जसं रोज विचारायचे, अगदी त्याच सुरात त्यांनी विचारलं,

“कुठं चालली वं पोरी?”

शुभांगीनं त्यांच्याकडं पाहिलं. इंग्रजी उत्तर तिला झोपेत पाठ होतं. ते तिनं दिलंच नाही.

“नागपूरले, बाबा. बी.एड. कराले. पह्यले परीक्षा देतो, मंग जातो.”

नामदेवभाऊंचा हात पोह्यांच्या बशीवर तसाच राहिला. मग हळूच म्हणाले, “हे गाण्यात नाई.”

“नाई बाबा.”

“मंग आधी काऊन नाई सांगतलं, माय?”

“तुमी आजच विचारलं.”

मामा इकडंतिकडं पाहत म्हणाले, “पण याच्यात इंग्रजी कुठं झालं?”

मला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांना पाणी लागलं ते वेगळंच. नामदेवभाऊ उठले. लेकीच्या कमरेवरचं टोपलं त्यांनी काढून खाली ठेवलं, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, “पाव्हणे, चहा घ्या. आमची पोरगी नागपूरले चालली. तिचं झालं का मंग पाहू. तुमाले थांबनं जमत असन तं थांबा.”

पाहुण्यांना थांबणं जमलं नाही. मामा तर चहा अर्धा टाकून उठले. मुलगा मात्र चपला घालताना माझ्यापाशी येऊन कुजबुजला, “मॅडम, मलेबी एम.एस्सी. कराची होती.” आणि मामांची हाक येताच गाडीत जाऊन बसला. तो पोरगा मला अजून आठवतो. त्यालाही कोणी विचारायला हवं होतं.

गावात चार दिवस चर्चा झाली. मॅडमनंच भरवलं, असं लोक म्हणालेच. पण नामदेवभाऊ ठणकावून सांगायचे, “मीच विचारलं. मॅडम तं पोहे खाऊन राह्यल्या होत्या.” शुभांगीनं परीक्षा दिली, नागपूरला गेली, आणि आता आंजीच्याच शाळेत इंग्रजी शिकवते.

माझा पेपर पुढं अभ्यासक्रमातून गेला. जुन्या कवितांच्या जागी आता मुलाखत कशी द्यावी, ईमेल कसा लिहावा, हे शिकवतात. गरजेचं आहे, मी नाही म्हणत नाही. पण वर्गात आता कोणी टोपलं घेऊन चालत नाही, याचं वाईट वाटतं. मग मीही निवृत्त झाले. शाल, श्रीफळ आणि एक आरामखुर्ची मिळाली. जो भेटेल तो एकच सांगायचा, “आता निवांत बसा मॅडम.” भाऊ म्हणाला बस, डॉक्टर म्हणाले बसा, शेजारीण म्हणाली, किती दगदग केलीत, बसा की आता. आणि मी खरंच बसायला लागले. खिडकीजवळ. वाट कोणाची बघत होते, देव जाणे.

फक्त गुजरीत भाजी घ्यायला गेले की सांभाराच्या ढिगाआडून नामदेवभाऊ ओरडायचे, “कुठं चालल्या वो मॅडम?”

“कुठं नाही भाऊ. घरी.”

“घरी तं सगळेच जातात,” ते म्हणायचे, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळायचे. दर वेळी हेच. मला राग यायचा. घरी आल्यावरसुद्धा यायचा.

मागच्या आठवड्यात शुभांगीचा फोन आला. तिच्या नववीच्या पोरींना शब्द उभे करून दाखवायचे आहेत, आणि स्पिन्स्टरसाठी तिच्याकडं अस्सल नमुना नाही. याल का? मी पिशवी घेतली आणि बसस्टँडच्या वाटेवर मुद्दाम वाकडी वाट करून गुजरीत गेले.

“कुठं चालल्या वो मॅडम?”

“आंजीला,” मी म्हटलं. “शाळेत. शिकवायला.”

नामदेवभाऊंनी सांभाराची एक जुडी उचलून माझ्या पिशवीत टाकली आणि डाफरले, “मंग उभ्या काऊन हा? गाडी निघून जाईन ना!”